कात्रीला सुट्टी

१४ ऑक्टोबर

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार. पाठीत उसण भरली आहे, तरी मनातल्या मनात पूर्ण घातला. तुझ्याशिवाय मी कुणापुढे वाकत नाही, आणि तुझ्यापुढे वाकायलाही मला काहीतरी निमित्त लागतं, हे तुला ठाऊक आहेच.

फोन केला की सूनबाई उचलते आणि "आई झोपल्यात" म्हणते. भर दुपारी? दुपारी झोपणाऱ्यांना जन्मभर अजगर म्हणणारी बाई झोपली? असो, गुडघ्याच्या गोळ्यांनी झोप येत असेल. म्हणून कागदावर येतो.

मुलाकडे जाताना घराची किल्ली माझ्या हातात ठेवून तू म्हणालीस, "गुडघा बरा झाला की येतेच. तोवर झाडं जगव. जगव म्हणजे फक्त जगव, सुधारू नकोस." पहिली आज्ञा पाळली आहे. दुसरीबद्दल जरा बोलू.

गुलाब ठीक. मोगरा रुसलेला. लिंबाला लिंबं कमी आणि मुंग्या जास्त. मुख्य बातमी फाटकावरच्या बोगनवेलीची. तिला तू मोकाट सोडलं होतंस. येणाऱ्याजाणाऱ्याची टोपी उचलायची ती. मी फाटकाच्या दोन खांबांना सुतळी ताणली, पाणसळ लावली आणि सुतळीच्या वर डोकं काढणारी एकूणएक फांदी उडवली. आता तिचा माथा असा सपाट आहे की वर पाण्याचा पेला ठेवला तर हिंदकळणार नाही. कोपऱ्यावरचा शिंपी सायकल थांबवून म्हणाला, "वा! कुणी कापली?"

"मीच."

"कुठं शिकलात?"

"कुठंच नाही."

हे दोन शब्द म्हणायला मला किती आवडतं! काच कापणं, आरसे बसवणं, दोन आरशांच्या मध्ये बसून स्वतःचे केस कापणं, सगळं मी कुठंच नाही शिकलो. आमची घरची म्हणते, "मिशीला देता तेवढा वेळ दुकानाला दिला असता तर आज शोरूम असती." तिला कळत नाही. काचवाल्याच्या मिशीची दोन टोकं खालीवर असली, तर हा माणूस खिडकीची काच सरळ कापेल यावर गिऱ्हाइकानं विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

लवकर ये. बाग तुला ओळखू येणार नाही.

तुझा धाकटा


२६ ऑक्टोबर

प्रिय फूटपट्टी,

आशीर्वाद. पाठीला शेक घे.

बाग ओळखू येणार नाही म्हणतोस, त्याचीच तर मला धास्ती होती. वेलीच्या डोक्यावर पाण्याचा पेला कशाला ठेवायचाय? तिला काय शाळेत कवायतीला उभं करायचंय? आणि मोगरा रुसला नाही, तू त्याच्याशी साहेबासारखा बोलत असशील. त्याच्याशी हळू बोल.

माझं इथं छान चाललंय. सातव्या मजल्यावर वारा छान. लेक छान, सूनबाई छान. बाल्कनीत एक कुंडी आहे, तिच्यात प्लास्टिकचं झाड आहे, दर रविवारी ते पुसायचं असतं. मी पुसते. ते कधी पाणी मागत नाही, कधी सुकत नाही. असं सुखी झाड मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सूनबाई मला पार्लरात घेऊन गेली होती. वेणी गेली. खांद्यापर्यंत केस, तेही काळे कुळकुळीत. लेक म्हणाला, "आई, दहा वर्षांनी लहान दिसतेस." मला आपलं आरशात बघितलं की वाटतं, या बाईंना कुठंतरी पाहिलंय. परवा आरशाला चुकून "या" म्हणाले.

तुझ्यासाठीही केस काळे करायची एक बाटली पाठवते आहे. सूनबाईनंच दिली. लाव बाबा. आणि न्हाव्याकडे जा. मागच्या खेपेला तुझ्या मानेवर जी पायरी होती तिच्यावर कुंडी ठेवता आली असती.

तिकडे कुणी ~~घर बघाय~~ कुणी आलंगेलं तर कळव.

फोनवर माझा आवाज बसतो. पत्रच बरं.

तुझी ताई


९ नोव्हेंबर

ति. ताईस,

नमस्कार. पाठ बरी आहे, मान ताठ आहे, आणि मानेवरची पायरी ही पायरी नसून ती एक पद्धत आहे.

बाटली मिळाली. मी पन्नाशी उलटलेला माणूस. हे पांढरे केस माझे आहेत, उसने आणलेले नाहीत. ते मी झाकणार नाही. पण वस्तू वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. तुझ्या फाटकाची कडी गंजून तांबडी झाली होती. तिला दोन हात दिले. काय सांगू, केसांना जे शोभलं नसतं ते कडीला शोभून दिसतंय! घरचीनं नाक मुरडलं, "कडी दहा वर्षांनी लहान दिसतेय."

आता आनंदाची बातमी. गुपित आहे, पण मला राहवत नाही. मंगळवारी मी पाणी घालत असताना फाटकाशी एक माणूस आला. नीटस शर्ट, हातात मोजायची टेप. म्हणाला, "तुमच्या भाच्यांनी पाठवलंय. जागेचं माप घ्यायचंय." मी लगेच ओळखलं! भाचा तू परत यायच्या आत बाग नव्यानं करून घेतोय, तुला चकित करायला. पोरगा मनानं तुझ्यावर गेलाय.

पण माणूस कच्चा. टेप धरली ती झोक्यासारखी, मध्ये पोट सुटलेली. मी म्हटलं, "साहेब, असं मोजलंत तर घर खोटं बोलेल." मी दुसरं टोक धरलं, ताणून दाखवलं. मागच्या भिंतीपासून फाटकापर्यंत आणि लिंबापासून गल्लीपर्यंत त्याच्याकडून सगळं दोनदा मोजून घेतलं. त्याच्या हिशोबापेक्षा जागा वीतभर जास्तच निघाली! तो खूश, मी खूश.

जाताना विचारतो, "ही काट्यांची वेल काढायला किती वेळ लागेल?" मी पोटभर हसलो. म्हटलं, "तिला काढायचं म्हणजे आधी माझ्या बहिणीला काढायला हवं." तोही हसला.

भाच्याला सांगू नकोस हं मी बोललो ते.

तुझा धाकटा

ता. क. मागच्या पत्रात दोन शब्द इतके गिरवून खोडलेस की कागद फाटायचा राहिला. काय लिहीत होतीस?


१८ नोव्हेंबर

अरे माझ्या शहाण्या,

तो माणूस माळ्याकडचा नव्हता. घर घेणाऱ्यांकडचा होता. तुझ्या हातानं तू त्याला वीतभर जागा जास्तीची मोजून दिलीस.

मला वाटलं होतं, हो-नाही काय ते ठरलं की मगच तुला सांगावं. खोडलेले शब्द तेच होते. लेक म्हणतो, "आई, एवढ्या घरात तू एकटी कशी राहणार? ते विकू, इथं मोठी जागा घेऊ, तुला वेगळी खोली मिळेल." घर माझ्या नावावर आहे, तेव्हा सही माझी लागणार. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. कागद आणले की मी चष्मा शोधायला लागते. चष्मा डोळ्यांवरच असतो. किती दिवस चालेल?

फोनचं खरं सांगायचं तर आवाज बसत नाही. बैठकीत फोन आहे, आणि मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज कमी होतो. कुणी मुद्दाम करत नाही. माझी काळजी वाटते म्हणून करतात. लेक चांगला आहे, सूनबाई चांगली आहे. दोघं वाईट असती तर मी केव्हाच भांडून आले असते. चांगल्या माणसांशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नाही.

तू मध्ये पडू नकोस. भाच्याला फोन करून आवाज चढवू नकोस. लोक घर बघायला येतील, तेव्हा फाटक स्वच्छ असू दे, वेल छाटलेली असू दे, आणि तूही माणसात दिस. आपल्या वागण्याला कुणी नावं ठेवायला नकोत.

ताई


२२ नोव्हेंबर

ति. ताईस,

नमस्कार नाही. आज घालणार नाही.

मी त्याची टेप ताणून धरली! ताणून! आयुष्यात एकदाही माप चुकलं नाही म्हणून मिरवणारा मी, आणि नेमकं बरोबर माप भलत्याच माणसाला दिलं. घरची दोन दिवस माझ्याशी हळू आवाजात बोलतेय. म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते समज.

आता माझं ऐक. आजपासून मी कात्रीला सुट्टी दिली आहे. बागेची कात्री, केसांची कात्री, मिशीची छोटी कात्री, तिन्ही तेल लावून, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या. तू तुझ्या घरात परत येईपर्यंत तुझ्या वेलीचं एक पान मी कापणार नाही आणि माझ्या तोंडावरचा एक केस कापणार नाही. वेलीला जिकडं जायचंय तिकडं जाऊ दे. फाटक झाकायचं तर झाकू दे. घर बघायला येणाऱ्यानं आधी तिची परवानगी काढावी.

भाच्याला मी फोन केला नाही. त्यानंच केला.

"मामा, जरा फाटक मोकळं करून ठेवाल का? लोक यायचेत."

"नाही."

"मामा, एवढंसं काम..."

"एवढंसं आहे ना? मग तू येऊन कर. काटे आहेत, हातमोजे आण."

आवाज चढवला नाही. तू म्हणालीस म्हणून.

ताई, ही वेल कुठून आली आठवतं? कुणीतरी छाटून उकिरड्यावर फेकलेली काटकी तू उचलून आणलीस. भाऊजी म्हणाले, "फाटकावर काय काटे लावतेस? येणाऱ्याला टोचतील." तू कमरेला पदर खोचून म्हणालीस, "टोचेल त्याला टोचेल." ती बाई कुठं गेली? पार्लरात वेणीबरोबर तिलाही कापून आलीस की काय?

काच कापायची असली तर तिच्यावर एकच रेघ मारायची. एकदाच, न थांबता. घाबरून त्याच रेघेवरून पुन्हा हात फिरवला की काच भलतीकडेच फुटते. तू रोज हो आणि नाही यांच्यामध्ये हात फिरवते आहेस. एकदाच रेघ मार. नाही म्हण. पुढचा दाब मी देतो.

तुझा धाकटा


५ डिसेंबर

फूटपट्टी,

मला काच शिकवू नकोस. माझ्या घराच्या भांडणात तू दाढी वाढवायचं ठरवलंस आणि मला विचारलंसही नाहीस. लेक मला न विचारता माणूस पाठवतो, तू मला न विचारता शपथा घेतोस. दोघांच्यात फरक काय? एक दाढी करतो एवढाच.

आणि तुला सगळं ठाऊक आहे असं समजू नकोस. मी गुडघा दुखतो म्हणून इथं आले नाही. मी पडले होते. मागच्या दारची पायरी उतरताना पाय फसला आणि मोरीपाशी आडवी झाले. उठता येईना. हाका मारल्या. शेजारच्यांचा रेडिओ मोठ्यानं चालू होता. त्यावरच्या बाई भाजी कशी टिकवावी ते सांगत होत्या. मी जमिनीवर पडून ते सगळं ऐकलं. शेवटी सरकत सरकत नळाला धरून उभी राहिले. तुला सांगितलं नाही, कारण तू येऊन सगळी मोरी उखडली असतीस. लेकाला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. सांग, त्याचं काय चुकलं?

मला त्या घराची भीती वाटते, धाकट्या. आणि त्या घरावाचून मला करमत नाही. आता मार एक रेघ.

टोचेल त्याला टोचेल म्हणणारी बाई होती, तेव्हा तिचे गुडघे चांगले होते.

ताई

ता. क. पार्लरला जायचा दिवस परत आला होता. मी म्हटलं, आज डोकं दुखतंय. भांगात बोटभर पांढरी पट्टी दिसायला लागली आहे. सूनबाई सारखी तिच्याकडे बघते. मी बघू देते.


२० डिसेंबर

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार. खरा घातला, जमिनीवर. घरची म्हणाली, "पडलात की काय?"

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि तुझ्या घरी जाऊन मागच्या दारात बसलो. त्या दारानं मी आयुष्यभर ये-जा केली, पण ती पायरी कधी मोजली नव्हती. मोजली. गवंड्यानं वरच्या दोन पायऱ्या सारख्या करून उरलेला सगळा चुकार भाग शेवटच्या पायरीत ढकललाय. पाय ठरल्या जागी टेकायला जातो आणि तिथं जमीनच नसते. ताई, तुझा पाय चुकला नाही. पायरी चुकली.

खाली एक पसरट पायरी नवी घालून घेतली. मोरी उखडलेली नाही, हे लिहून ठेव. भिंतीला हाताला धरायला लाकडी दांडा बसवला. घासून घासून असा गुळगुळीत केला की माशी घसरेल. बसवून झाल्यावर घरचीला अभिमानानं बोलावलं. ती दांड्याकडे बघते, माझ्याकडे बघते.

"हा कुणासाठी?"

"ताईसाठी."

"वन्सं तुमच्या खांद्याएवढ्या आहेत. हा दांडा धरायला त्यांना उडी मारावी लागेल."

मी माझ्याच उंचीनं मापं घेतली होती! दोनदा तपासून, काटेकोर, माझीच! भिंतीतली भोकं बुजवून आता तुझ्या मापाची वाट बघतोय. तू सरळ उभी राहा, हात सैल सोड, आणि मनगटापासून जमिनीपर्यंत दोरा धरून तो पाठव. आकडा लिहू नकोस. आकड्यांवरचा माझा विश्वास सध्या जरा हलला आहे.

शपथ मोडलेली नाही. दाढी भयंकर खाजते. मिशी तोंडात येते, चहा गाळून प्यावा लागत नाही. बोगनवेलीनं दोन्ही खांब गिळले, कडी गिळली, आता ती दिव्याकडे निघाली आहे. माथ्यावर पाण्याचा पेला सोड, चिमणीलाही बसायला सपाट जागा नाही. आणि खरं सांगू? फुलली आहे. मी कापत होतो तेव्हा इतकी कधी फुलली नव्हती. हे वाक्य कुणाला दाखवू नकोस.

परवा घर बघायला नवराबायको आले. मी आत लिंबाला पाणी घालत होतो.

"अहो आजोबा!" बाई म्हणाली. आजोबा! "मालक आहेत का?"

"मालकीण आहे. बाहेरगावी गेलीय. येईलच."

"आम्हाला घर बघायचंय. फाटक कुठं आहे?"

"तुमच्या समोरच आहे."

नवऱ्यानं हात घातला. बाही अडकली. ती सोडवायला बाईनं हात घातला, तिची पर्स अडकली. दोघं बराच वेळ एकमेकांना सोडवत होती. शेवटी ती मला म्हणाली, "तुम्ही इथले राखणदार का?"

 वाटलं, बरोबरच ओळखलंय बाईनं. म्हटलं, "हो."

तू मला विचारलंस ना, भाच्यात आणि माझ्यात फरक काय. बरेच दिवस विचार केला. फारसा नाही. म्हणून आता विचारतो. ताई, तुला काय हवंय?

तुझा धाकटा


३ जानेवारी

प्रिय धाकट्या,

दोरा सोबत आहे. गाठ मनगटाची. ओढून ताणू नकोस, दोरा ताणला की वाढतो. टेपवाल्याला ताणायला शिकवलंस ते इथं नको.

मला काय हवंय हे मला शेवटचं कुणी विचारलं होतं ते आठवायचा मी प्रयत्न केला. भाजीवाल्यानं विचारलं होतं बहुतेक. म्हणून तुझं पत्र वाचून आधी रडू आलं, मग राग आला, मग भूक लागली. जेवायला बसले. लेकानं कागद आणून ताटाशेजारी ठेवले. म्हणाला, "आई, पार्टी थांबायला तयार नाही." मी चष्मा शोधला नाही. म्हटलं, "मग जाऊ दे त्यांना. मी घर विकणार नाही."

"आई, हट्ट करू नकोस."

"जन्मभर तुझे हट्ट पुरवले. एक माझाही असू दे."

"आणि परत पडलीस तर?"

"तर पडेन. इथं पडले तर सात मजल्यांवरून पडल्यासारखं वाटेल. तिथं पडले तर माझ्या मोरीत पडेन."

तो ताटावरून उठला. आतल्या खोलीत गेला. मोठा झालाय, पण रुसला की अजून भिंतीकडे तोंड करून बसतो. मी मागोमाग गेले नाही. धाकट्या, पाय जायला निघाले होते. मी खुर्चीला धरून बसले. एकच रेघ मारायची असते ना? हात फिरवला नाही मी.

मला वाटलं, आता सूनबाई बोलेल. ती उठली, कात्री घेऊन आली आणि माझ्या मागे उभी राहिली.  म्हणते, "आई, परत जायचंच असेल तर असं अर्धं काळं अर्धं पांढरं डोकं घेऊन नका जाऊ. लोक म्हणतील, सुनेनं अर्धवट सोडलं." आणि सगळा काळा भाग कापून टाकला. केस एवढे एवढेसे, पण सगळेच्या सगळे पांढरे. आरशात बघितलं तर ओळखीची बाई होती. जरा म्हातारी, पण आपली.

मग ती हळूच म्हणाली, "मला बाग करायची होती हो. यांना माती चालत नाही घरात." मी तिला म्हटलं, प्लास्टिकचं झाड आधी काढ, कुंडी तर आहेच.

लेक अजून नीट बोलत नाही. पण काल मला विचारत होता, मामांनी दांडा भिंतीत किती खोल घातलाय. बघून घेणार म्हणतो.

येतेय. कधी ते सांगणार नाही. सांगितलं तर तू फाटकाला कवायतीला उभं करशील.

तुझी ताई


१४ जानेवारी

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि आज निमित्त विचारू नकोस.

दांडा बसला. भाच्याला सांग, मुठीएवढा खोल आहे. मी लोंबकळून बघितलं, मग घरची लोंबकळली. दोघांचं मिळून वजन तू विचारू नयेस.

मी तुला नाही म्हण म्हणालो होतो, आणि तू म्हणालीस. पण ते तू माझ्यासाठी म्हटलं नाहीस हे मला कळलंय. बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. ते जाईल.

एक अट मात्र घालतो. फाटकावरचा दिवा संध्याकाळी लावत जा आणि सकाळी उठलीस की बंद करत जा. दुकानाला जाताना मी तिथूनच जातो. दिवा बंद दिसला की मी थांबणार नाही, हाक मारणार नाही, चौकशी करणार नाही. चालू दिसला तर फाटक तोडून आत येईन, आणि मग मोरीचीही खैर नाही. यावर वाद नको. तुला टोचलं तरी चालेल.

वेल तशीच आहे. दाढीही तशीच आहे. शिंपी मला ओळख दाखवत नाही. गिऱ्हाइकं काच सरळ असल्याची दोनदा खात्री करून घेतात. मी माघार घेतलेली नाही. बागेची कात्री तेल लावून तुझ्या फाटकाशेजारच्या पत्रपेटीत ठेवून दिली आहे. तू आलीस की मला बोलाव. सुतळी, पाणसळ घेऊन येतो आणि तुझ्या देखत पहिली फांदी कापतो.

तुझा धाकटा


(फाटकावर, काट्याला टोचून लावलेली चिठ्ठी)

धाकट्या,

काल संध्याकाळीच आले. लेकाकडच्या किल्लीनं घर उघडलं. लेक सोडून गेला. दांड्याला दोन्ही हातांनी हिसके देऊन बघितले त्यानं, मग चहा प्यायला. जाताना वेलीची एक काटकी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला. म्हणाला, हिनं मागितलीय.

तुझ्यासाठी थांबले नाही. वेल माझी, कात्रीही आता माझी, मागू नकोस. वाट मीच केली. हाताला चार ओरखडे आहेत, बघून ओरडू नकोस. सुतळी नाही लावली, पाणसळ नाही लावली. वाकडी झाली आहे. वाकडीच राहील. एका बाजूनं लोंबते आहे तिथं फुलं होती, माझ्यानं कापवेना.

दांडा मनगटाला बरोबर आला. एक सूत वर आहे, पण मी सांगणार नव्हते.

दिवा सकाळी बंद केलाय, बघ. म्हणजे आज तू न थांबता पुढे जायचं. पण आज थांब. दाढी करून ये असं म्हणणार होते. नको, तशीच घेऊन ये, एकदा बघू दे मला, मग काढ.

चहा ठेवलाय. आत येताना मात्र वाक. वेल मी माझ्या उंचीनं कापली आहे.

ताई